लेंडीसाहेबांचा पहिला रकाना

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लेंडीसाहेबांचं नाव घेतो. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, हे काय नाव झालं? त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, नावापुढं पदव्याही होत्या. पण औरंगाबादेत छावणीच्या पलीकडं जनावरांच्या रोगांची जी आमची छोटी प्रयोगशाळा होती, तिथल्या शिपायापासून दूध घालणाऱ्या गवळ्यापर्यंत सगळे त्यांना पाठीमागं लेंडीसाहेबच म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. एकदा टेलिफोनवर पलीकडच्या माणसाला त्यांचं नाव काही केल्या कळेना, तेव्हा तेच ओरडले, "अहो, लेंडीसाहेब बोलतोय, लेंडीसाहेब!" आणि काम झालं.

नाव पडलं ते त्यांच्या कोटामुळं. भर उन्हाळ्यातही अंगात खाकी कोट, त्याला चार मोठे खिसे आणि प्रत्येक खिशात तंबाखूचे रिकामे पत्र्याचे डबे. डब्यांत लेंड्या. शेळीच्या, मेंढीच्या, काळविटाच्या, नीलगाईच्या. डब्यांवरच्या चिठ्ठ्या उर्दूत, कारण साहेबांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांचा कारभार बदलला, साहेबांनी मराठी टाइपरायटरसुद्धा शिकून घेतला. पण घाई असली की त्यांचा हात आपोआप कागदाच्या उजव्या कडेला जायचा. त्या चिठ्ठ्या वाचायला आम्हाला आमचा म्हातारा शिपाई लागायचा. त्याला सगळे चाचा म्हणत. चाचा चष्मा लावून, कोर्टात कागद वाचावा तसा वाचायचा, "हिरन, मादी, तालाब के पास, सुबह का वक्त. और आगे साहब ने लिखा है, बेचारी."

त्या लेंड्या पाण्यात कालवायच्या, मलमलीतून गाळायच्या आणि खाली बसलेल्या गाळात सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी शोधायची, हे आमचं रोजचं काम. सरकारी पुरवठ्यातली मलमल साहेबांना जाड वाटायची, म्हणून ते स्वतः गुलमंडीवरून आणायचे. दुकानात उभं राहून कापड उजेडाकडं धरायचे, बोटांनी ताणून बघायचे. दुकानदार एकदा म्हणाला, "साहेब, इतकी पारख तर लग्नाच्या बस्त्यालाबी कोणी करत नाही. कोणासाठी घेता?"

"बकरीसाठी."

दुकानदार हसला. पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, "मग, बकरीला आवडली का मलमल?"

"फार आवडली. आता हरणासाठी पाहिजे," साहेब म्हणाले. मी सोबत होतो. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. तो दुकानदार शेवटपर्यंत त्यांना मोठा विनोदी माणूस समजत राहिला.

मी तिथं लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. सोयगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरून आलेला. घरातलाच नव्हे, त्या अख्ख्या वस्तीतला पहिला पदवीधर. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. हुद्दा प्रयोगशाळा सहायक, तोही एका वर्षाच्या बोलीवर. वर्षानंतर साहेबांनी शेरा चांगला दिला तर कायम, नाही तर परत वस्तीवर. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मेंढी आजारी पडली हे सगळ्यांत आधी कोणाला कळतं?"

मी ताप, नाडी, श्वास असं पुस्तकातलं सांगायला लागलो.

"ठहरो, ठहरो. तू तर डॉक्टरपासूनच सुरुवात केलीस. आधी कळतं शेजारच्या मेंढीला. ती अंग चोरून उभी राहते. मग धनगराच्या बायकोला. मग धनगराला, कारण बायको त्याच्या मागं लागते. मग त्याच्या कुत्र्याला. आणि सगळं झाल्यावर आपण येतो, पिशवी घेऊन. कळलं का, ग्रॅज्युएट?"

त्या दिवसापासून मी ग्रॅज्युएट. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. सुरुवातीला मला त्यात टोमणा वाटायचा. पुढं कळलं की त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, आणि नंतर विचारायची लाज वाटत होती.

साहेबांची तरुणपणीची सात-आठ वर्षं राजस्थानच्या वाळवंटात गेली होती, उंटांच्या, मेंढ्यांच्या आणि चिंकारा हरणांच्या रोगांमागं. त्याला ते फक्त "तिकडं" म्हणायचे. "तिकडं विहिरीवर आधी उंट पितो, मग माणूस." "तिकडं उंट पाळणारा राबारी वाळूतल्या नुसत्या ठशावरून सांगतो, सांडणी गाभण आहे." तिकडून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, उंटिणीच्या कच्च्या दुधातून लागलेला ताप. तो काही महिन्यांनी उलटून यायचा. मग एप्रिलच्या उन्हात साहेब काळी शाल लपेटून खुर्चीत थरथरत बसायचे, आणि आत येणाऱ्याला सांगायचे, "आज उंटाची आठवण आली." त्या तापाचा धसका इतका, की कचेरीतल्या चहाचं दूध चाचाकडून तीनदा उकळून घ्यायचे आणि तिन्ही वेळा स्वतः जाऊन बघायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची बसण्याची रीत. कळपात गेलं की ते कोणत्याही जनावराला हात लावत नसत. कळपाकडं पाठ करून उकिडवे बसत आणि खिशातून दाढीचा गोल आरसा काढून त्यातून मागं बघत राहत. अर्धा तास, कधी तास. गावातली माणसं जमायची. "डॉक्टर दाढी कराया आलाय का काय?" असं कुजबुजायची. साहेब म्हणायचे, "तू बघतोयस हे कळलं की जनावर पाहुण्यासारखं वागतं. पाठ फिरवली की आपल्या कामाला लागतं." आणि खरंच, जी मेंढी आमच्यासमोर ताठ उभी असायची, ती आरशात हळूच लंगडताना दिसायची.

पण त्यांचं खरं वेड होतं नोंदवहीतला पहिला रकाना. सरकारी नमुन्यात तारीख, गाव, जनावर, लक्षणं, निदान असे रकाने होते. साहेबांनी प्रत्येक पानावर डावीकडं हातानं रेघ मारून एक जादा रकाना केला होता आणि त्यावर लिहिलं होतं, "मालकाचं म्हणणं". मालक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत तिथं लिहायचं. सुधारायचं नाही, छाटायचं नाही. सांगणाराचं नावही तिथंच. त्यामुळं त्या वह्यांत असली वाक्यं सापडायची: "शेळी रुसलीय." "मेंढीला रानाचं वाईट वाटलं." "सासू वारली तवापास्नं म्हस दूध चोरती." तपासणीला आलेल्या एका वरिष्ठानं ते वाचून विचारलं, हे काय शास्त्र आहे? साहेब म्हणाले, "शास्त्र पुढच्या रकान्यांत आहे, सर. इथं फक्त खबर आहे."

मला तो रकाना आवडायचा नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मनापासून आवडायचा नाही. मी ज्या घरातून आलो तिथं रोज हीच भाषा होती. माझे वडील मेंढरामागं वाढलेले, माझं लहानपणही वाघरातच गेलं. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मोठ्या कष्टानं मी त्यातून बाहेर आलो, पुस्तकी मराठी बोलायला शिकलो, नोकरीच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय "शेती" असा लिहिला. थोडी जमीन होती, म्हणजे अगदी खोटं नव्हतं. आणि इथं येऊन काय करायचं, तर "शेळी रुसलीय" हे सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचं!

बहात्तरच्या दुष्काळात, पुढचा उन्हाळा लागला तेव्हा, वैजापूरच्या बाजूच्या एका गावातून निरोप आला. गावाबाहेरच्या माळावर हरणं मरायला लागली होती. जखम नाही, रक्त नाही; काळवीट नुसतं जमिनीला मान टेकून पडायचं, डोळे उघडे, उठायची धडपड, आणि दुसऱ्या दिवशी मेलेलं. त्याच माळावर धनगरांची चार बिऱ्हाडं उतरली होती आणि त्यांची मेंढरंही तशीच मरत होती. माळाच्या कडेला पाझर तलाव होता. आसपासच्या कित्येक गावांत मिळून तेवढंच पाणी शिल्लक होतं.

साहेबांना त्याच दिवशी उंटाची आठवण आली होती. शालीतून हात बाहेर काढून त्यांनी मला नमुन्यांची पेटी दिली. "फक्त नमुने आण. आणि पहिला रकाना भर. बाकी काही लिहू नको. समझे?"

मी एस.टी.नं गेलो. एकटाच, पहिल्यांदाच. आणि गावात मला पहिल्यांदाच कोणीतरी साहेब म्हणालं.

माळावर धनगरांच्या बिऱ्हाडात एक वयस्क बाई होती, भागाबाई. पुरुष मेंढरं घेऊन लांब गेले होते. ती मला आजारी मेंढ्या दाखवत फिरली. त्यांची मान एका बाजूला लोंबत होती, तव्यावर चालल्यासारख्या पाय उचलत होत्या. मी रक्त घेतलं, डबे भरले. ती सारखी बोलत होती.

"हे बग, मेंढरं हाडं चघळायल्यात. दोन म्हयने झाले. हरणंबी चघळायल्यात, म्या माज्या डोळ्यांनी बघितलं. लिही की लेकरा."

मी मान हलवली. त्याआधी तिनं आणखीही काही विचारलं होतं. मी पेटी बंद केली आणि गावात आलो.

मेंढरं हाडं चघळतात! गवत खाणारं जनावर हाडं चघळतं हे मी वहीत लिहिलं असतं आणि उद्या कुणी वरिष्ठानं वाचलं असतं, तर तो हसला असता. त्या म्हातारीला नाही, मला. मी पहिल्या रकान्यात लिहिलं, "काही विशेष नाही."

गावचे पाटील सरपंचही होते. त्यांनी चावडीत चहा पाजला आणि विचारलं, "काय निघालं मग, सायेब?"

"तपासणीनंतर कळेल."

"ते खरं. पर तुमी शिकलेली मानसं, बघितल्या बघितल्या कळत आसंल. मेंढरांचा रोग हरणांत गेला, आसं आमचं म्हननं. तसं आसंल तर ह्यांला माळावरनं उठवावं लागंल. उद्या गावातल्या ढोरांला लागला म्हंजी? फक्त दोन वळी लिवून द्या, सायेब. तुमच्या सहीच्या."

दोन ओळी लिहायचा मला अधिकार नव्हता. साहेबांनी बजावून सांगितलं होतं. माळावरून उठवलं तर ती चार बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं पाण्यावाचून कुठं जातील, हेही मला कळत होतं. माझ्याइतकं त्या चावडीत कोणालाच कळत नसेल. पण पाटलांच्या हातात माझ्यासाठी बशी होती आणि ते मला साहेब म्हणत होते. मी लिहिलं, "प्रथमदर्शनी मेंढ्यांतील संसर्गजन्य रोग हरणांत पसरला असण्याची शक्यता वाटते." खाली सही केली, आणि सहीखाली बी.एस्सी.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी वही उघडली. ताप उतरला होता, शाल अजून खांद्यावर होती. ते बाकीचे रकाने वाचतच नसत आधी. पहिल्याच रकान्यावर बोट ठेवून थांबले.

"चार बिऱ्हाडं, मेलेल्या मेंढ्या, मेलेली हरणं. आणि मालकाचं म्हणणं काही विशेष नाही? तिथं कोणी बोलत नव्हतं का?"

"एक म्हातारी होती, सर. काहीतरीच बोलत होती."

"काय काहीतरीच?"

"म्हणत होती की मेंढरं हाडं चघळतात. हरणंसुद्धा."

साहेब खुर्चीतून उठले. मला वाटलं ओरडतील. ते खिडकीपाशी गेले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तिकडं पण हेच. दुष्काळ पडला की चाऱ्यात जोर राहत नाही, जनावराच्या हाडाला लागणारा फॉस्फरस अंगात कमी पडतो. मग ते मेलेल्याचं हाड शोधून चघळतं. त्या हाडाला सडका मांसाचा तुकडा चिकटलेला असतो, त्यात विष तयार झालेलं असतं. मग मान लोंबते. मेंढीकडून हरणाला नाही, हरणाकडून मेंढीला नाही. दोघांनाही हाडाकडून." मग वळून विचारलं, "तुझे वडील काय करतात, ग्रॅज्युएट?"

"शेती."

"त्याआधी?"

मी खाली बघितलं. "मेंढरं होती, सर."

"मग ती बाई काय म्हणाली ते तुला समजलं नाही?"

"समजलं."

"मग लिहिलं का नाही?"

 त्याचं उत्तर देण्याऐवजी मी दुसरीच गोष्ट सांगितली, जी सांगायलाच हवी होती: पाटलांना लिहून दिलेल्या दोन ओळी. साहेबांनी एवढंच विचारलं, "सही केलीस?" आणि बाहेर ओरडले, "चाचा, जीप निकालो!"

माळावर पोचल्यावर साहेब तलावापासून दूर एका बाभळीखाली पाठ करून बसले. मी शेजारी. ऊन चढत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. आरशात हरणाची एक मादी दिसत होती, पोट आत गेलेलं, आणि तोंडात आडवं हाड. म्हाताऱ्यानं विडी धरावी तसं एका कोपऱ्यात धरून ती ते सावकाश चघळत होती.

"बेचारी," साहेब म्हणाले.

मग भागाबाईला त्यांनी विचारलं, "बाई, ही हाडं दरसाल अशीच पडलेली असतात का?"

"न्हाय वो. एक म्हातारा यायचा गाढव घिऊन, हाडं येचून न्यायचा. त्यो औंदा खडी फोडाया गेला. दुस्काळी कामावर. मंग कोन येचनार? ढोरं तर ह्या साली लई मेली."

साहेबांनी ते वाक्य तिथंच उभ्या उभ्या वहीत उतरवून घेतलं, नावासकट. पुढं मोठ्या प्रयोगशाळेतून नमुन्यांचं उत्तर आलं ते विषाचंच होतं; पण साहेबांचं उत्तर मला वाटतं त्या वाक्याशीच पुरं झालं होतं.

बिऱ्हाडातली माणसं मात्र सामान बांधत होती. माझी चिठ्ठी पाटलांनी चावडीत वाचून दाखवली होती आणि बाजाराच्या दिवसापर्यंत माळ सोडायला सांगितलं होतं. बाजार दुसऱ्या दिवशी होता.

चावडीकडं जाताना मी म्हणालो, "सर, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"सही कोणाची आहे?"

चावडीत तीस-चाळीस माणसं होती. साहेब आत आले, सगळ्यांना रामराम केला, आणि पार मागं दारापाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उकिडवे बसले. मी समोर एकटा.  मी सांगितलं की परवा मी लिहून दिलं ते चूक होतं. हाडांचं सगळं सांगितलं. चावडी हसली.

"म्हंजी कसं हाय," पाटील म्हणाले, "परवा मेंढरांचा रोग व्हता, आज हाडांचा झाला. उद्या कशाचा आनता, मास्तर?" साहेबाचा मास्तर झाला होता. "तुमी सही करून दिली. आता ह्या लोकांनी काय सांगितलं काय की तुमाला?"

"पाटील, त्यांनी परवाच सांगितलं व्हतं," मी म्हणालो. माझ्या तोंडून घरची बोली कधी सुटली ते मला कळलं नाही. "म्याच लिवलं नाय. मला वाटलं, अडाणी बाई हाय, हिला काय कळतंय. मी सोता मेंढरामागं वाढलोय, पाटील. मला तिचं पटाया पायजे व्हतं. चूक माजी हाय, मेंढरांची नाय. ती चिठ्ठी फाडा."

कोणी हसलं नाही, पण पाटीलही हलले नाहीत. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांना गावातल्या जनावरांची धास्ती होती. "मेंढी हाड खाती हे मी पन्नास वर्सांत ऐकलं न्हाय," ते म्हणाले.

तेव्हा भिंतीशी बसलेला त्यांचाच गडी अंग चोरून बोलला, "मालक, आपली तांबडी गायबी चघळती. म्या दोनदा तोंडातनं हाडूक काडून घेतलं."

पाटलांनी त्याच्याकडं बघितलं. "मग मला का नाय सांगितलंस रं?"

"तुमी कुटं इचारलं?"

दारापाशी साहेबांचे खांदे हलताना दिसले. ते हसत होते की खोकत होते, पाठमोरे असल्यामुळं कळलं नाही. पाटलांनी बंडीच्या खिशातून माझी चिठ्ठी काढली, एकदा वाचली आणि फाडून टाकली. "बी.एस्सी. तेवढं खरं हाय का?" त्यांनी विचारलं, आणि मग मात्र चावडी मनापासून हसली.

पुढचे तीन दिवस माळावर मोठं गमतीचं दृश्य होतं. गाव आणि बिऱ्हाडं मिळून हाडं वेचत होती. साहेब खाकी कोटात, हाताला पोत्याचे तुकडे गुंडाळून, सगळ्यांत पुढं. पाटलांची बैलगाडी भरभरून खड्ड्याकडं जायची. वाकून वाकून कंबर धरली की साहेब उभे राहून ओरडायचे, "ग्रॅज्युएट, हे बघ, बैलाची मांडी!" जणू नाणं सापडलं. सरकारी साठ्यातून भट्टीत भाजलेल्या हाडांची स्वच्छ भुकटी आणि मीठ मागवून मेंढरांना चाटायला दिलं, तलावाच्या कडेला हरणांसाठीही ठेवलं. पंधरवड्यात मरणं थांबली. बिऱ्हाडं माळावरच राहिली.

परतल्यावर मी वही घेतली आणि माझा तो "काही विशेष नाही" खोडून भागाबाईचं वाक्य लिहिणार होतो. साहेबांनी वहीवर हात ठेवला. आधी माझी ओळ त्यांनी स्वतः खोडली. मग म्हणाले, "नाही. हा रिकामा राहू दे. मी विचारलं होतं, लिहिलं का नाही. त्याचं उत्तर देशील त्या दिवशी भर."

वर्ष संपलं तेव्हा त्यांनी माझ्याबद्दल शेरा दिला. तो मी पुष्कळ वर्षांनी वाचला. एकच वाक्य होतं: "चूक केली, आणि चावडीत उभं राहून सांगितली." त्यावर मी कायम झालो. माझ्या बहिणीचं शिक्षण, माझं घर, मुलं, सगळं त्या वाक्यावर उभं आहे.

निवृत्तीनंतर साहेब मुलीकडं हैदराबादला गेले. जाताना सगळे डबे स्वच्छ धुऊन चाचाला दिले आणि आरसा मला. बरीच वर्षं गेली. मी त्यांच्या खुर्चीत बसायला लागलो. एक दिवस मी त्यांना पत्र लिहिलं. ते पोचलं, त्यांच्या मुलीनं वाचून दाखवलं, एवढं मला माहीत आहे. प्रत्येक कागदाची नक्कल ठेवायची ही सवय त्यांनीच लावली, म्हणून त्याची नक्कल माझ्याजवळ राहिली. ती खाली देतो.

तीर्थस्वरूप साहेबांना शि. सा. न. वि. वि.

आपली प्रकृती ठीक असेल आणि उंटाची आठवण फारशी येत नसेल अशी आशा आहे. इथं सगळे खुशाल आहेत. चाचा मागच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत दूध तीनदा उकळत होते.

नव्या छापील वह्या आल्या आहेत. त्यांत पहिला रकाना नाही, आणि रेघ मारायला डावीकडं जागाही ठेवलेली नाही. फुलंब्रीकडची एक मुलगी सहायक म्हणून लागली आहे. तिनं प्रत्येक पानाला डावीकडं कागदाची पट्टी चिकटवून रकाना केला. मी सांगितलं नव्हतं, तिनं जुन्या वह्या बघितल्या.

मागच्या आठवड्यात त्या माळावर जाऊन आलो. हरणं पुष्कळ आहेत. भागाबाई आता नाहीत. त्यांची सून मेंढरं घेऊन होती. तिनं विचारलं, "कोन गावचं तुमी?" मी वस्तीचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आमचीही मेंढरं होती म्हणालो. ती म्हणाली, "मंग बसा की." मी बराच वेळ बसलो.

साहेब, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर आज देतो. सुनेनं विचारलं तेच भागाबाईंनीही त्या दिवशी मला विचारलं होतं. माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, "तू आमच्यातला दिसतोस रं. कुनाचा तू?" मी म्हणालो, "नाही, मी औरंगाबादचा." खोटं बोललो, आणि त्यानंतर त्यांनी जे जे सांगितलं ते मला लिहवेना. त्यांचं लिहिलं असतं तर ते मला समजलं असं झालं असतं, म्हणजे मी त्यांच्यातलाच ठरलो असतो. म्हणून रकाना रिकामा राहिला. दुसरं काही कारण नव्हतं. चावडीत मी बाकी सगळं सांगितलं, हे सांगितलं नाही. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं असं मला कधी कधी वाटतं.

काल ती जुनी वही काढून रकाना भरला. माझं अक्षर आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, पण वाचता येतं. पानाची नक्कल सोबत पाठवत आहे. मुलीला वाचून दाखवायला सांगावं:

"भागाबाई म्हणतात, मेंढरं हाडं चघळायल्यात. हरणंबी. म्या माज्या डोळ्यांनी बघितलं. आणि विचारतात, कुनाचा तू?"

आपला,
ग्रॅज्युएट